सेव्ह करताना येणारी घट

इंगळेबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी हाताकडे. कुणी नमस्कार केला की त्याचे जोडलेले हात त्या तसेच आपल्या हातात घ्यायच्या, मनगट जरा दाबून बघायच्या, आणि मग कुठे मान वर करून "या, बसा" म्हणायच्या. खालच्या मजल्यावर राहायला आलेल्या बँकेतल्या साहेबांना पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, "बचपन में अमरूद के पेड़ से गिरे थे क्या?" साहेब चाटच पडले. झाड पेरूचं नाही, आंब्याचं निघालं, पण पडले होते हे खरं.

बाई मूळच्या अकोल्याच्या. तीस वर्षं चंदीगडच्या एका मोठ्या वैद्यकीय संस्थेत त्यांनी शरीराच्या आतली चित्रं काढली. हाडं, स्नायू, शिरा, सगळं. निवृत्त झाल्यावर परत गेल्या नाहीत. सेक्टर ३२ मध्ये एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, एक संगणक घेतला, आणि डॉक्टरांच्या पुस्तकांची, प्रबंधांची चित्रं घरीच करायला लागल्या. सुती नऊवार वाटावी इतकी घट्ट नेसलेली पाचवारी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि चहा प्यायला प्रयोगशाळेतला, बाजूला रेघा मारलेला काचेचा पेला. "दीडशे मिली," असं म्हणून चहा मागायच्या. एकशे साठ दिला तर परत करायच्या.

माझी त्यांची ओळख एका मोरामुळे झाली.

आम्ही विट्याकडचे. आमच्या भागातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामात, देशभर पसरलेली आहेत. माझे मालक चंदीगडच्या सराफ बाजारात एका गलाईच्या दुकानात होते. लग्न होऊन मी आले ती तिथल्याच बुडैल वस्तीतल्या एका खोलीत. हिंदी येत नव्हतं, पंजाबी कानावरून जायचं, आणि दूधवाला जरा मोठ्यानं बोलला तरी माझं काहीतरी चुकलं असंच वाटायचं. अशात इथल्या मराठी मंडळींचं हळदीकुंकू होतं आणि मला रांगोळी काढायला सांगितलं. मी मोर काढला. सगळ्या जणी वाहवा करत होत्या. एक बाई मात्र बूट घालूनच रांगोळीशी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "हा मोर कोणी काढला?"

मी घाबरत पुढे झाले.

"हा मोर नाही हाये बाप्पा. हा मोराचे कपडे घातलेला माणूस हाये."

बायका हसल्या. माझे कान तापले.

"गुडघा पाह्य कुठी काढला तू. पक्ष्याचा गुडघा वर असते, पिसांत. हे जे मधे वाकलेलं दिसते ना, ती टाच. ती मागं वाकते." एवढं बोलून त्यांनी माझा उजवा हात धरला, उलटा केला, बोटं एकेक करून हलवून बघितली. "पण रेघ थरथरली नाही कुठीच. काय शिकली तू?"

"दहावी," मी म्हणाले.

ते खोटं होतं. आठवी पास झाले, नववीत शाळा सुटली. पण एवढ्या डॉक्टरिणी, प्राध्यापिका बसलेल्या, त्यांच्यात आठवी म्हणायला जीभ रेटेना. दोन यत्ता मी तिथल्या तिथं पास झाले.

"सोमवारी ये," बाई म्हणाल्या. "मोराचा पाय दुरुस्त करून दाखव मले."

सोमवारी गेले, ती पुढे साडेचार वर्षं जात राहिले.

बाईंची पद्धत अशी. चित्र आधी पेन्सिलीनं कागदावर. मग ते स्कॅनरवर ठेवून संगणकात घ्यायचं. मग रंग, संगणकाला जोडलेल्या एका काळ्या टॅबलेटवर पेन फिरवून; बाई त्याला पाटीच म्हणायच्या. आणि रंग पदरापदरानं. हाडांचा एक पदर, त्यावर स्नायूंचा, त्यावर शिरांचा, सगळ्यात वर नावांच्या पट्ट्या. "चपातीले कसे पदर सुटतात? तसे सुटले पायजे," त्या म्हणायच्या. "उद्या डॉक्टर म्हणन, ही शीर जरा डावीकडे घ्या, तर फक्त शीर सरकली पायजे. हाड नाही सरकलं पायजे."

हे सगळं झालं की खरी परीक्षा. चित्र सेव्ह कशात करायचं? खोलीत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर, जिथं दुसऱ्यांच्या घरी देवाचं कॅलेंडर असतं तिथं, बाईंनी एक पुठ्ठा लावला होता. त्यावर फाईलींच्या जाती होत्या आणि प्रत्येकीपुढं तिचा स्वभाव. बीएमपी: "मोठा जेठ. खाते ढीग, काम शून्य." जीआयएफ: "मोजून दोनशे छप्पन्न रंग. पाटी लिहाले ठीक. याच्याकून यकृत काढून घेऊ नये." टिफपुढं एकच शब्द होता, "खरा." पदरांच्या फाईलपुढं "आई." त्यावेळी नव्यानं ऐकू येणाऱ्या पीएनजीपुढं "नवा जावई. काही खात नाही म्हणे. पाहू." आणि जेपीईजीपुढं जागा पुरली नव्हती म्हणून खाली वेगळा कागद चिकटवला होता: "लय गोड. कुठंही जाते, कुठंही मावते. पण दरवेळी घरातून काहीतरी उचलून नेते."

"आई घराबाहेर पडत नाही," हा त्यांचा नियम. डॉक्टरांना नुसतं बघायला द्यायचं तर जेपीईजी काढून द्या. छापखान्यात जायचं तर टिफ. पण पदरांची मूळ फाईल घरात. कुणी ती मागितली तर बाई अशा बघायच्या की जणू त्यानं त्यांच्या पाठीचा कणाच मागितलाय.

एकदा एक तरुण डॉक्टर प्रबंधाचं चित्र घेऊन आला. कुठूनतरी उचललेला अंगठ्याएवढा जेपीईजी, तो त्यानं ताणून पानभर केला होता. सगळे चौकोनच चौकोन.

"मैडम, थोड़ा शार्प कर दो," तो म्हणाला.

बाईंनी चष्मा वर केला. "डॉक्टर, पेशंटचा पासपोर्ट फोटो ताणून तुम एक्स-रे निकालते क्या?"

"नहीं जी."

"तो मेरे कू काहून बोल रहे? ओरिजिनल लाव."

"हाव जी," तो बिचारा म्हणाला. त्या घरात येणाऱ्या सगळ्या पंजाबी डॉक्टरांना ही सवय लागली होती. बाईंचं होकाराचं वऱ्हाडी "हाव" आणि त्यांचं "जी" मिळून त्या जिन्यात "हाव जी" अशी एक स्वतंत्र भाषाच तयार झाली होती. मीसुद्धा घरी मालकांना "हाव जी" म्हणाले तेव्हा ते जेवता जेवता थांबले.

लग्न का केलं नाही, असं एकदा मी धीर करून विचारलं. बाई पाटीवरून नजर न काढता म्हणाल्या, "फॉरमॅट जुळला नाही." विषय संपला. परत विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता मुख्य गोष्ट.

हाताच्या शस्त्रक्रिया करणारे एक मोठे सर्जन होते, ढिल्लों साहेब. त्यांच्या पुस्तकासाठी छत्तीस चित्रं करायची होती, सगळी हाताची. बाईंनी ते काम घेतानाच सांगितलं होतं की हे शेवटचं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तरी दीड वर्ष खपून त्यांनी छत्तीस चित्रं पुरी केली. शेवटच्या काही चित्रांत मी रंग भरायला मदत केली, म्हणजे बाई सांगायच्या आणि मी त्यांनी आखलेल्या जागेत भरायचे. पहिली वीस चित्रं सीडीवर उतरवलेली होती. पुढची सोळा अजून फक्त संगणकात होती, कारण सीडी उतरवून आणायला सेक्टर ३४ च्या दुकानात बाई स्वतः जायच्या आणि डोळ्यामुळे आठ महिने त्यांचं जाणं झालं नव्हतं. मला पाठवत नव्हत्या. आई घराबाहेर पडत नाही, आणि पडलीच तर बाईंच्याच सोबतीनं.

मग एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. बाई चार दिवस हॉस्पिटलात आणि मग एका डॉक्टरीणबाईंच्या घरी राहायला गेल्या. किल्ली माझ्याकडे दिली. "झाडाले पाणी घाल. आणि नावांच्या पट्ट्यांचं शुद्धलेखन तपासून ठेव," एवढंच सांगितलं.

मी पट्ट्या तपासायला बसले तर संगणकानं सांगितलं की जागा संपत आली आहे. मला धडकीच भरली. यंत्र भरलं म्हणजे आता ते फुटणार, असंच मला वाटलं. आणि मग एक विचार आला, जो मला तेव्हा फार हुशारीचा वाटला. बाई येईपर्यंत आपण सगळं स्वच्छ करून ठेवू. त्यांनी आपल्याला एवढं शिकवलं, आपण त्यांच्यासाठी काय केलं?

गलाईच्या दुकानात मी पाहिलं होतं. जुनं, मळकं सोनं येतं. मुशीत घालतात, वितळवतात. तेजाबात, म्हणजे ॲसिडात, घालतात. वजन घटतं. त्याला घट म्हणतात. घट आली म्हणजे कचरा गेला. जे राहिलं ते चोख. परत वितळवलं की आणखी चोख. मालक एखादी लगडी दाखवून अभिमानानं सांगायचे, "बघ, एवढीशीच राहिली, पण आता हिच्यात सोन्याबिगर काही न्हाई."

मी पहिल्या फाईलचा जेपीईजी केला. पंचवीस एमबीची फाईल दीड एमबीची झाली. चित्र तर तसंच दिसत होतं! म्हणजे बाकी सगळा कचराच होता की. मी तोच जेपीईजी उघडला आणि गुणवत्तेचा काटा खाली ओढून परत सेव्ह केला. आणखी लहान. परत. प्रत्येक फाईलला मी चार-चार, पाच-पाच वेळा मुशीत घातली. सोळाच्या सोळा. मग कचऱ्यासकट असलेल्या त्या जाड फाईली पुसल्या. आणि घर झाडल्यावर सुपली रिकामी करतात तशी संगणकातली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. झाडांना पाणी घातलं. घरी जाताना सायकलवर मी गाणं म्हणत होते.

भिंतीवरचा पुठ्ठा मी रोज वाचत होते. "काहीतरी उचलून नेते" असं लिहिलेलं होतं. मला वाटलं, केर उचलून नेतो. चांगलंच आहे.

बाई आल्या त्या डोळ्यावर हिरवी पट्टी आणि वर काळा चष्मा लावून. दोन दिवसांनी पट्टी सुटली. नव्या डोळ्यानं त्यांनी आधी खिडकीबाहेरचं गुलमोहराचं झाड बघितलं. "अव्वा, किती हिरवं हाये हे! मी तर याले खाकी समजत होती." मग माझा हात धरून बघितला. "तुझ्या नखात हळद हाये." आणि मग खुर्ची ओढून संगणकापुढं बसल्या. "लाव तेविसावं. पाहू दे नव्या डोळ्यानं."

मी लावलं. बाई पुढं झुकल्या.

"हे काय हाये?"

"काय झालं बाई?"

"या शिरेले मुंग्या लागल्या हायेत."

मी बघितलं. खरंच, प्रत्येक रेघेच्या कडेनं बारीक मळकी ठिपक्यांची रांग होती. रंग पायऱ्यापायऱ्यांचे झाले होते. आणि बाईंनी नावाची पट्टी सरकवायला पेन लावलं तर पट्टीबरोबर खालचं हाड, स्नायू, सगळंच निघालं. पदर उरलेच नव्हते. चपातीचा पापड झाला होता.

"आई कुठी हाये याची?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. जागा, मूस, तेजाब, घट, टोपली. बाईंनी एकदाही मधे तोडलं नाही.

"चहा ठेव," त्या म्हणाल्या.

मी ठेवला. पेल्यावरची रेघ न बघताच ओतला, एकशे ऐंशी मिली गेला. बाईंनी परत केला नाही. तेव्हा मला कळलं की आपण काय करून बसलो.

"मी जाते बाई," मी म्हणाले. "उद्यापास्नं येत न्हाई."

"कुठी जातेस? विट्याले? सायकलवर?"

मला रडू फुटलं. आणि बाईंना, माझा विश्वास बसेना, हसू फुटलं. आधी नुसते खांदे हलले, मग त्या मोठ्यानं हसायला लागल्या. "पाच वेळा मुशीत! बाप्पा रे! चोख करून ठेवल्या!" डोळ्यातून पाणी यायला लागलं तशा स्वतःच घाबरल्या. "डॉक्टर म्हणले डोळ्यात पाणी नाही आलं पायजे. तू चूप बस आधी, मग मी चूप बसते."

मी पदरानं डोळे पुसले. मग त्या म्हणाल्या, "ऐक. तुझा नवरा वितळवते तेव्हा त्याले माहीत असते सोनं कोणतं. या यंत्राले नाही माहीत. डोळ्याले जे पटकन दिसत नाही ते हे पहिले फेकते. एकदा फेकलं तर कोणाले समजतही नाही. पाच वेळा फेकलं का मग मुंग्या. ही घट सोन्याची हाये, सुरेखा. कचऱ्याची नाही."

आणि मग हळूच म्हणाल्या, "इतके दिवस काही दिसत नव्हतं. नवा डोळा आला, आणि पहिलं काय पाह्यलं तर हे."

ते मात्र त्या हसून नाही म्हणाल्या.

पेन्सिलीची चित्रं ट्रंकेत होती. रंग परत करायचे होते, सोळा चित्रांचे, आणि छापखान्याला द्यायला दीड महिना होता. बाईंना वाकून काम करायची बंदी होती. त्यात दोन डोळ्यांचं भांडण. "हा नवा म्हणते, निळं हाये. तो जुना म्हणते, मटकीच्या पाण्यासारखं हाये. मी कोणाचं ऐकू?" म्हणून मीच करायचं ठरलं. आखलेल्या जागेत भरायचं नाही, पहिल्या पदरापासून मी. बाई मागे आरामखुर्चीत, मान ताठ, काळा चष्मा लावून.

त्या दीड महिन्यात मी जे शिकले ते कुठल्या यत्तेत शिकवत नसावेत. बाईंना रंगांचे आकडे आठवायचे नाहीत, स्वयंपाकघर आठवायचं. "स्नायू लाल नको करू, ते खाटकाचं दुकान वाटते. गाजराच्या हलव्यात खवा घातल्यावर जो होते ना, तो." "कंडरा म्हणजे साबुदाणा. भिजलेला. शिजलेला नाही!" "मज्जातंतू पिवळा, पण हळदीचा नाही, लोण्याचा. म्हशीच्या नाही, गाईच्या." एकदा शिरेसाठी त्या अर्धा तास जांभूळ आणि वांगं यांत अडकल्या. शेवटी मी म्हणाले, "बाई, कोकमाचा करू का?" त्या खुर्चीतून उठल्याच. "कोकम! हाव! तुले कसं सुचलं?" आमच्याकडे आमटीत असतं, म्हणाले.

आणि प्रत्येक पदर झाला की मागून आवाज यायचा. "कशात सेव्ह केलं?"

"आईत."

"आणि नक्कल?"

"दुसऱ्या जागी."

"आणि जेपीईजी?"

"शिवले न्हाई बाई त्याला."

दर शनिवारी आम्ही दोघी रिक्षानं सेक्टर ३४ ला जायचो, सीडी उतरवून आणायचो. बाई ती पदरात गुंडाळून आणायच्या, तान्ह्या बाळासारखी.

ढिल्लों साहेब चित्रं बघायला आले तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. ते एकेक चित्र बघत गेले. तेविसाव्यापाशी थांबले. "मैडम, ये वाला तो पहले वालों से भी साफ़ है."

"ये मेरा नहीं है. इसका है," बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "सोलह इसके. किताब में इसका नाम आना पायजे."

"बिल्कुल जी." साहेबांनी खिशातून पेन काढलं. "आपकी क्वालिफ़िकेशन क्या लिखूँ? डिप्लोमा? फ़ाइन आर्ट्स?"

बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. दहावी म्हणायचं तोंडावर आलं होतं, चार वर्षं तेच म्हणत होते. पण पुस्तकात छापलं गेलं की ते कायमचं.

"आठवीं, जी," मी म्हणाले. "नौवीं में छूट गया."

साहेबांचं पेन हवेत राहिलं.

"डॉक्टर साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "हाथ में हड्डियाँ कितनी?"

"सत्ताईस."

"गिन लो."

आणि साहेबांनी खरंच मोजली. पेनाचं टोक पडद्यावर टेकवत, मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत, पुटपुटत. एक हाड दुसऱ्यामागं झाकलेलं असतं तिथं थांबले, वाकले, आणि झाकलेल्या हाडाची कड दिसल्यावर पुढे गेले.

"सत्ताईस," ते म्हणाले. मग मान हलवून हसले. "हाव जी."

ते गेल्यावर मी बाईंना म्हणाले, "मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

"मले काय मोराच्या पायावरून नाही समजलं?" त्या म्हणाल्या. "चहा ठेव. दीडशे."

पुस्तकात आम्हा दोघींची नावं आली. बाकी सगळ्यांच्या नावापुढं अक्षरांच्या लांबच लांब शेपट्या आहेत. माझ्या नावापुढं काही नाही. पूर्णविराम आहे.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांचं एकमत झालं, आणि त्यानंतर वर्षभरात बाईंनी अकोल्याला भाचीकडे जायचं ठरवलं. भिंतीवरचा पुठ्ठा त्यांनी मला दिला. जाण्याआधी पेन्सिल घेऊन पीएनजीपुढं, त्या नव्या जावयापुढं, लिहिलं होतं, "चांगला निघाला."

सेक्टर ४३ च्या बसस्टँडवर मी त्यांना दिल्लीच्या बसमध्ये बसवायला गेले. सीड्यांचा स्टीलचा डबा मांडीवर, खिडकीजवळची जागा, पायात तेच बूट. मालकांच्या शेठच्या मुलाचा छोटा डिजिटल कॅमेरा मी मागून आणला होता. खाली उभी राहून म्हणाले, "बाई, एक फोटो काढू?"

"त्यात कशात सेव्ह होते?"

मला खोटं बोलता येईना. "जेपीईजीतच होतं बाई. दुसरं काही न्हाई त्यात."

"मंग एकच काढ. आणि नंतर हात नको लावू त्याले. ना कापाकापी, ना उजेड वाढवणं. पाह्यजो किती पाह्याचा तितका. पाह्यल्यानं घट येत नाही."

मी बटण दाबलं तेवढ्यात कंडक्टर मधे आला आणि बस हलली. बाईंचा हात खिडकीबाहेर होता, पाची बोटं पसरलेली.

त्या फोटोत बाईंचे डोळे मिटलेले आहेत. डाव्या बाजूला अर्ध्या फोटोभर कंडक्टरचं कोपर आहे. आता मला ते कोपर दोन मिनिटांत काढता येईल, खिडकी उजळता येईल. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीही म्हणतात, मॅडम, द्या, आम्ही करतो. मी देत नाही. फाईल जशी आली तशीच आहे. रोज उघडते, हात बघते, आणि सेव्ह न करता बंद करते.